हैदराबादच्या नावाने उडालेले

५ ऑक्टोबर १९१८. पहिल्या महायुद्धाचे जेमतेम पाच आठवडे उरले होते, पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हते. फ्रान्समधल्या बेतोंकूरच्या मैदानावरून इंग्रजांची बॉम्बफेकी विमाने उडाली आणि जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नच्या दिशेने गेली. त्यातल्या एकात पुढच्या जागेवर कॅप्टन अँड्र्यू इंग्लिस होता, मागे निरीक्षक म्हणून सेकंड लेफ्टनंट विल्यम बॉडली. हे दोघे परतले नाहीत. शत्रूच्या मुलखात उतरावे लागल्यामुळे ते जर्मनांच्या कैदेत गेले. त्यांचे विमानही बऱ्यापैकी शाबूत हाती लागले. डीएच-९ए जातीचे, क्रमांक एफ-१०१०. त्याच्या अंगावर इंग्रजीत लिहिले होते की हे विमान हैदराबादच्या निजामाने भेट दिले आहे. खाली विमानाचे नाव होते : हैदराबाद नंबर १२-ए.

जर्मनांनी ते जपून ठेवले. पुढे ते बर्लिनच्या विमान संग्रहालयात मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात त्या संग्रहालयावर बॉम्ब पडले, तेव्हा उरलेला सांगाडा पोलंडमध्ये हलवण्यात आला. तिथून १९७७ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात तो इंग्लंडला परत मिळाला. आज हे विमान लंडनच्या हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे, निजामाच्या नावासकट.

विमान वाचले. त्याच्या जोडीची अनेक विमाने आणि त्यांतली माणसे मात्र वाचली नाहीत. ती जर्मनीच्या, फ्रान्सच्या, इंग्लंडच्या आणि पुढे ब्रह्मदेशाच्या मातीत गेली. त्यांच्या तुकड्यांच्या नावात ‘हैदराबाद’ होते आणि त्या हैदराबाद संस्थानात मराठवाडाही होता. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, हे त्याच संस्थानाच्या एका सुभ्याचे ठाणे. म्हणून या वायुसैनिकांच्या इतिहासाचे एक टोक लंडनच्या संग्रहालयात असले, तरी दुसरे टोक गोदावरीच्या खोऱ्यात आहे.

निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये हैदराबादच्या गादीवर आला. तीनच वर्षांत महायुद्ध पेटले आणि हिंदुस्थानातल्या संस्थानिकांमध्ये इंग्रजांना मदत करण्याची चढाओढ लागली. कुणी पलटणी पाठवल्या, कुणी घोडे, कुणी इस्पितळांना पैसे. निजामाने हे सगळे केलेच. हैदराबादचे लान्सर्स पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक त्यांच्यासाठी आहे; बाकीचे दोन जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांसाठी. पण निजामाची सर्वांत नवलाची भेट विमानांची होती. रॉयल एअर फोर्सच्या ११० व्या स्क्वाड्रनची विमाने त्याच्या पैशांतून आली. नव्या डीएच-९ए विमानांनी पूर्णपणे सज्ज झालेली ही पहिली स्क्वाड्रन. तिच्या नावातच कंसात ‘हैदराबाद’ जोडले गेले. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला.

पैसा सरकारी खजिन्यातून आला म्हणा की निजामाच्या खासगी तिजोरीतून, त्याचा उगम शेवटी शेतातच होता. संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः शेतसाऱ्यावर चालत होते. दिवाणी मुलखातला सारा खजिन्यात जाई आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मालकीच्या मुलखातला त्याच्या घरात. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतल्या ज्वारी-कापसाच्या रानांतून उठलेला रुपया हैदराबादला पोहोचत होता आणि त्यातला काही इंग्लंडच्या विमान कारखान्यांपर्यंत गेला.

ते १९१८ साल दख्खनला किती जड गेले, हे जुन्या घराण्यांतून अजून सांगितले जाते. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि पाठोपाठ मानमोडीची साथ आली. सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली. नेमक्या त्याच आठवड्यांत, सात समुद्रांपलीकडे, हैदराबादच्या नावाची विमाने जर्मनीवर उडत होती. खाली साथ आणि वर विमाने असे हे दृश्य नव्हते. दोन्हींच्या मध्ये हजारो कोस होते. पण दोन्हींचा खर्च एकाच रयतेच्या खात्यावर पडत होता.

११० व्या स्क्वाड्रनची लढाई अवघी दोन महिन्यांची. ३१ ऑगस्ट १९१८ च्या सुमारास ती फ्रान्समध्ये दाखल झाली आणि १४ सप्टेंबरला तिची पहिली मोहीम झाली. काम दिवसाढवळ्या जर्मनीत खोल शिरून कारखाने, रेल्वे जंक्शने आणि विमानतळ यांवर बॉम्ब टाकण्याचे. सोबतीला लढाऊ विमाने नसत. एकमेकांना चिकटून उडायचे, मागच्या निरीक्षकाने मशीनगनने पाठ राखायची आणि आपल्या हद्दीत परतायचे, एवढाच बचाव होता. २१ ऑक्टोबरला कोलोनच्या मोहिमेवर ढगांनी रांग मोडली आणि एका दिवसात ७ विमाने गमावली. युद्ध थांबेपर्यंत शत्रूने या स्क्वाड्रनची १७ विमाने पाडली होती आणि २८ अपघातांत मोडली होती.

या विमानात दोनच माणसे बसत. वैमानिक आणि निरीक्षक पाठीला पाठ लावून उडत, आणि बहुतेकदा मरतही एकदमच. विमान लाकडाचे व कापडाचे, पोटात पेट्रोल भरलेले. पॅराशूट नव्हते. जमिनीवर आपटून पेट घेतल्यावर दोन देह वेगळे काढणे कित्येकदा अशक्य होई. जर्मन सैनिक किंवा जवळच्या गावचे लोक त्यांना जे उरले ते एकत्र पुरत आणि वर एक लाकडी क्रूस उभा करत. जर्मनीभर विखुरलेल्या अशा कबरी १९२२ च्या निर्णयानंतर चार कायम दफनभूमींत गोळा केल्या गेल्या : कासेल, बर्लिन, हॅम्बुर्ग आणि कोलोन. जिथे दोघांना वेगळे करता आले नाही, तिथे कबरही एकच राहिली.

हे काम करणारी संस्था युद्ध चालू असतानाच उभी राहिली होती. मे १९१७ मध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. पुढच्या वर्षी सर फ्रेडरिक केन्यन यांनी त्याची तत्त्वे लिहून दिली. मेलेल्या माणसाचा हुद्दा, घराणे, पैसा यांवरून थडग्यात फरक करायचा नाही. सेनापतीला आणि शिपायाला एकाच मापाचा दगड. प्रेत मायदेशी न्यायचे नाही, जिथे पडला तिथेच त्याला कायमची जागा द्यायची. हिंदू, मुसलमान, शीख यांच्या बाबतीत त्यांच्या धर्माचे संस्कार पाळायचे. या शेवटच्या तत्त्वाचा परिणाम पुढे हिंदुस्थानी वायुसैनिकांच्या स्मारकांवर दिसतो.

विमानदळाच्या मृतांनी मात्र कमिशनपुढे एक वेगळाच प्रश्न टाकला. पायदळातला शिपाई पडला की त्याचा देह बहुधा एकटा सापडतो. विमान कोसळते तेव्हा आतले सगळे एकाच क्षणी, एकाच जागी जातात. म्हणून नोंदवह्यांत ‘संयुक्त कबर’ आणि ‘सामूहिक कबर’ अशा नोंदी आल्या. दोघांची असेल तर संयुक्त, त्याहून अधिक जणांची असेल तर सामूहिक. बहुधा प्रत्येकाच्या नावाचा दगड वेगळा असतो. एरवी दोन दगडांमध्ये अंतर सोडतात. सामूहिक कबरीवर ते एकमेकांना भिडवून, मध्ये बोटभरही फट न ठेवता उभे केलेले दिसतात. जर्मनीतल्या राइशवाल्ड जंगलातल्या दुसऱ्या महायुद्धाच्या दफनभूमीत साडेसात हजारांवर कबरी आहेत आणि त्यांतल्या सुमारे ४ हजार वायुसैनिकांच्या. तिथल्या रांगा पाहणाऱ्याला सात-सात दगड चिकटून दिसले की ती एका बॉम्बफेकी विमानाची माणसे, हे न वाचताच कळते.

११० वी स्क्वाड्रन फ्रान्सला पोहोचण्याच्या आधी, १९१८ च्या उन्हाळ्यात, एक मराठी तरुणही आकाशात होता. श्रीकृष्ण वेलिणकर मुंबईचा, पाठारे प्रभू कुटुंबातला, केंब्रिजला शिकलेला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदळात लढलेल्या चार हिंदी वैमानिकांपैकी तो एक. बाकीचे इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि सेन. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवत असे. २७ जून १९१८ च्या गस्तीवरून तो परतला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जूनला वारला. पुरताना त्याचे नाव इतके चुकीचे नोंदले गेले होते की युद्धानंतर त्याची कबर ओळखायला वेळ लागला. आज ती फ्रान्समधल्या हांगार या गावच्या दफनभूमीत आहे. मुंबईचा वेलिणकर अशा रीतीने फ्रान्सच्या मातीत राहिला, आणि लंडन-लीड्सची पोरे ‘हैदराबाद’ नाव लावून जर्मनीच्या.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा उस्मान अली खानच गादीवर होता. या वेळी हैदराबादच्या नावाच्या तीन स्क्वाड्रन झाल्या. जुनी ११० वी होतीच. १५२ वी आणि २५३ वी ऑक्टोबर १९३९ मध्ये नव्याने उभ्या राहिल्या. १५२ व्या स्क्वाड्रनच्या मानचिन्हावर निजामाची दस्तार, म्हणजे त्याचे शिरोभूषण, आणि खाली ब्रीद होते ‘विश्वासू दोस्त’. किताब थेट मानचिन्हावर चढला होता. अशा भेटीच्या तुकड्या आणखीही होत्या. १२२ वी ‘बॉम्बे’ आणि १३२ वी ‘सिटी ऑफ बॉम्बे’ या दोन्ही स्पिटफायर तुकड्यांची नावे मुंबईवरून पडली होती.

युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडने जर्मनीवर पहिला हवाई हल्ला केला. त्यात सर्वांत पुढे हैदराबाद स्क्वाड्रन होती. फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरन याच्या नेतृत्वाखाली तिची ५ ब्लेनहाइम विमाने विल्हेल्म्सहाफेनजवळ नांगरलेल्या जर्मन युद्धनौकांवर मस्तुलाच्या उंचीवरून तुटून पडली. ‘ॲडमिरल शेअर’ नौकेवर टाकलेले बॉम्ब न फुटताच उसळून बाजूला गेले. ११० व्या स्क्वाड्रनचे एक विमान ‘एम्डेन’ नावाच्या क्रूझरवर आदळले. त्या वैमानिकाचे आडनावही एम्डेनच होते. त्याच्या विमानातले कुणीही वाचले नाही, नौकेवरचेही खलाशी मेले. सोबतच्या १०७ व्या स्क्वाड्रनची पाचपैकी ४ विमाने गेली. त्यांतल्या एकाचा चालक होता ब्रायन लायटोलर, ‘टायटॅनिक’ बुडताना वाचलेल्या अधिकाऱ्याचा धाकटा मुलगा. युद्धाच्या अशा सुरुवातीनेच दाखवून दिले की यापुढे विमानातली माणसे जोडीने, तिघांनी, सातांनी मरणार आहेत.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली तीत १५२ वी आणि २५३ वी दोन्ही होत्या. १५२ वी दक्षिण किनाऱ्यावरच्या वॉर्मवेलहून स्पिटफायर उडवत होती. १२ ऑगस्टला तिचा डग्लस शेप्ली परतला नाही. त्याला कबर मिळालीच नाही. त्याच्या घरच्यांनी वर्गणी गोळा करून त्याच्या नावाचे एक स्पिटफायर हवाई दलाला दिले. एका टोकाला संस्थानाच्या खजिन्यातून आलेली विमाने, दुसऱ्या टोकाला मुलगा गमावलेल्या घराने गोळा केलेल्या पैशांतले हे एक विमान. २५ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाचा केनेथ हॉलंड सॉमरसेटमधल्या वूल्व्हर्टन गावाजवळ पडला. त्याने पाडलेले जर्मन हाइंकेलही त्याच शिवारात कोसळले होते. त्याच्या आठवणीचा दगड त्या गावात आहे.

२५३ वी केन्लीला हरिकेन विमानांवर होती. ३१ ऑगस्ट हा तिचा काळा दिवस. स्क्वाड्रन लीडर हॅरल्ड स्टार मारला गेला आणि टॉम ग्लीव्ह जळत्या विमानातून बाहेर पडला तो ओळखू येणार नाही अशा चेहऱ्याने. आर्चिबाल्ड मॅकइंडो या शल्यविशारदाने ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात अशा भाजलेल्या वैमानिकांवर कातडी जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांनी ‘गिनी पिग क्लब’ काढला. पुढे ग्लीव्ह त्या क्लबचा प्रमुख झाला.

इकडे औरंगाबादेत काय चालले होते? १९३८ च्या नोव्हेंबरात इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली आणि सरकारने बंदी घातली. मुलांनी कॉलेज सोडले, पण गाणे सोडले नाही. चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रहात तुरुंगात गेले. म्हणजे ‘विश्वासू दोस्त’ हे ब्रीद इंग्लंडच्या तुकडीच्या मानचिन्हावर चढण्यापूर्वीच त्या दोस्ताच्या राज्यात प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणणेही गुन्हा ठरले होते. हैदराबाद स्क्वाड्रनच्या मृतांची आठवण मराठवाड्यात का रुजली नाही, याचे एक कारण इथेच आहे. विमानांवरचे नाव राजाचे होते, आणि या मातीची लढाई त्याच राजाशी होती.

पण विमानात बसलेली पोरे निजामाच्या दरबारातली नव्हती. विशी-बाविशीतली, कारखान्यांतून, शाळांतून, खेड्यांतून भरती झालेली ती मुले होती. त्यांना औरंगाबाद कुठे आहे हे सांगता आले नसते. मग युद्धच त्यांना इकडे घेऊन आले.

जपानने ब्रह्मदेश घेतला आणि १९४२ मध्ये ११० वी स्क्वाड्रन हिंदुस्थानात आली. आता तिच्याकडे अमेरिकन बनावटीची व्हेन्जन्स विमाने होती. आकाशातून जवळजवळ सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारे हे दोन आसनांचे विमान. मार्च १९४३ मध्ये तिने अराकानमध्ये जपान्यांवर हल्ले सुरू केले आणि पुढे आसामातल्या कुंभीरग्रामहून इंफाळच्या बाजूने उडाली. हिंदी हवाई दलाची ७ वी स्क्वाड्रनही त्याच जातीच्या विमानांवर त्याच आघाडीवर होती. १५२ वी स्क्वाड्रन १९४३ च्या अखेरीस इटलीहून आली. तिच्या स्पिटफायरच्या बाजूवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. हैदराबादचे नाव लावलेल्या या दोन्ही तुकड्या अशा रीतीने हिंदुस्थानच्या आकाशात आल्या आणि चितगाव, इंफाळ, ब्रह्मदेशात त्यांची माणसे मेली.

या आघाडीचा हवाई कणा होता पूर्व बंगालातले कोमिल्ला. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेचे मुख्यालय तिथे होते. १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळला वेढा घातला, तेव्हा धान्य, दारूगोळा, माणसे सगळे डाकोटा विमानांनी डोंगरांवरून नेले जात होते आणि परतताना जखमी आणले जात होते. मॉन्सूनचे ढग, डोंगरांच्या अरुंद खिंडी आणि शत्रूची विमाने या तिन्हींमधून दिवसातून दोन-तीन फेऱ्या. जखमींसाठी कोमिल्लाजवळच्या मयनामती टेकड्यांवर मोठी लष्करी इस्पितळे उभी राहिली आणि इस्पितळांशेजारी दफनभूमी.

आज बांगलादेशातल्या या मयनामती वॉर सिमेट्रीत सातशेहून अधिक कबरी आहेत. ढाका, फरीदपूर, सैदपूर, सिराजगंज अशा ठिकाणच्या एकट्या-दुकट्या कबरीही नंतर इथे आणल्या गेल्या. दारातून आत आले की टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रांगा चढत जातात; ख्रिस्ती, मुसलमान, प्रत्येकाच्या फलकावर त्याच्या धर्माची खूण. या सगळ्यांत एक जागा वेगळी आहे. चौकोनाच्या कडेने ओळीने फलक मांडले आहेत. मोजले तर ते २३ भरतात. प्रत्येकावर एक नाव, एक क्रमांक, एक वय. मधली जमीन मोकळी, गवताची. तिथल्या शिलालेखाचा आशय असा की या फलकांवर ज्या तेवीस वायुसैनिकांची नावे आहेत, त्यांचे अवशेष इथे एकाच कबरीत आहेत. कुणाच्या नावाखाली कोण, हा प्रश्नच तिथे उरत नाही. २३ घरांतल्या माणसांनी आपले फूल नेमके कुठे ठेवायचे, तर त्या मोकळ्या गवतावर कुठेही.

याच मयनामतीत युद्धकैदी म्हणून मेलेल्या २४ जपानी सैनिकांच्याही कबरी होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानी पथकाने त्या उकरून आपल्या माणसांचे अवशेष मायदेशी नेले. ८० वर्षांनी का होईना, एका देशाला ते करावेसे वाटले. वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियम उलटा आहे : माणूस तिथेच राहील, आणि त्याची जागा कायम राखली जाईल.

महाराष्ट्रात या नियमाचे सर्वांत मोठे ठिकाण पुण्याजवळ खडकीला, मुळा रोडवर आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथून दुसऱ्या महायुद्धातले मृत खडकीला हलवले गेले. तिथे १,६६८ कबरी आहेत. पायदळ, तोफखाना, नौदल आणि विमानदळ असे सगळे एकाच मापाच्या रांगांत. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये इथे आणले गेले. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या १९३ सैनिकांचेही स्मारक आहे. केनियाचा किंवा नायजेरियाचा माणूस हिंदुस्थानच्या इस्पितळात वारला आणि त्याचे नाव पुण्याच्या दगडावर कोरले गेले, हे वाचताना ते युद्ध किती दूरवरच्या घरांपर्यंत पोहोचले होते ते कळते.

खडकी आणि मयनामती या दोन्ही ठिकाणी हिंदी वायुसैनिकांची नावे कमी आढळतात. याचे कारण ते कमी मेले हे नव्हे. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असे, त्यामुळे त्यांना थडगे नसते. त्यांची नावे स्मारकावर कोरली जातात. कोहिमाच्या दफनभूमीत असे ९१७ हिंदू-शीख जवान एका वेगळ्या स्मारकावर आहेत. ज्यांचा देहच सापडला नाही अशा आग्नेय आशियातल्या भूदल-वायुदलाच्या २४ हजारांहून अधिक जणांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकाच्या खांबांवर आहेत. तिथे रॉयल एअर फोर्सचा गोरा वैमानिक आणि हिंदी हवाई दलाचा वैमानिक एकाच स्मारकावर येतात.

ज्यांचे देह सापडले, ते सापडावेत म्हणूनही माणसे राबली. १९४५ नंतर रॉयल एअर फोर्सच्या शोधपथकांनी युरोपभर आणि आशियातही बेपत्ता विमाने हुडकली. जर्मनीच्या शेतांत, हॉलंडच्या दलदलीत, ब्रह्मदेशच्या जंगलांत त्यांनी उकरून काढले ते इंजिनावरचे क्रमांक, मशीनगनवरचे नंबर, सदऱ्याच्या कॉलरवरची धोब्याची खूण, अंगठीच्या आतली अक्षरे. इंजिनाचा नंबर जुळला की विमान कळे, विमान कळले की त्या दिवशी त्यात कोण कोण बसले होते ते कळे. पण कुठला अवशेष कुणाचा, हे त्यातून सांगता येत नसे. अशा वेळी पथकाने सगळ्यांची नावे नक्की करून त्यांना एकत्र ठेवण्याची शिफारस केली. बेपत्ता अशी नोंद झालेली हजारो नावे या कामामुळे कबरीपर्यंत पोहोचली.

११० वी स्क्वाड्रन शेवटपर्यंत लढत राहिली. व्हेन्जन्सनंतर तिच्याकडे मॉस्किटो विमाने आली आणि ऑगस्ट १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या अगदी शेवटच्या हवाई मोहिमांत ती होती. १९३९ चा पहिला हल्ला आणि १९४५ चे शेवटचे दिवस, दोन्हींच्या पानांवर ‘हैदराबाद’ हे नाव आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाचे राज्य संपले आणि मराठवाडा मुक्त झाला. स्क्वाड्रनची नावे मात्र आणखी काही वर्षे टिकली. २५३ वी १९५७ मध्ये, १५२ वी १९६७ मध्ये आणि ११० वी १९७१ मध्ये बरखास्त झाली. एका विलीन झालेल्या संस्थानाचे नाव लावून इंग्लंडची विमाने तेवीस वर्षे उडत राहिली.

छत्रपती संभाजीनगरला आपला इतिहास सांगायला खूप काही आहे : लेणी, मलिक अंबरच्या नहरी, बीबी का मकबरा, मुक्तिसंग्राम. या यादीत हे एक पान जोडायला निजामाचा गौरव करावा लागत नाही. ज्या रयतेच्या साऱ्यातून ती विमाने आली तिचा हिशेब आणि जी माणसे त्या विमानांत मेली त्यांची नावे, या दोन गोष्टी एकाच पानावर याव्यात, एवढेच हवे. त्यासाठी कागदपत्रे आहेत. स्क्वाड्रनच्या रोजच्या कामाच्या वह्या लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत प्रत्येक मृताची स्क्वाड्रन आणि कबरीचा क्रमांक शोधता येतो. संस्थानच्या महसुलाचे दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या चार-पाच विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर एका वर्षात ११०, १५२ आणि २५३ या तीन स्क्वाड्रनची पूर्ण यादी इथे, या शहरात तयार होऊ शकते. ती करताना रकाने मात्र नेहमीसारखे आखून चालणार नाही. एका माणसाला एक ओळ पुरणार नाही. एका विमानाला एक ओळ द्यावी लागेल आणि त्या ओळीत त्यातल्या सगळ्यांची नावे एकत्र लिहावी लागतील.